भिंगरीच्या दुधाचा ताप

४ मार्च, दुपार
आणि वर उत्तरेश्वर म्हणतो, दादा, तुलाच लई घाई. सख्खा भाऊ असून दर वेळी दोष माझाच! मागच्या महिन्यात गावाकडं भिंगरी अडली होती. पाटोद्याचा डॉक्टर येईस्तोवर शेळी मरू द्यायची होती का? मी हात घालून पिल्लू ओढलं. मेलेलं निघालं, त्याला मी काय करू? मग तिचं धारोष्ण दूध मी प्यालो, आईलाही पाजलं. ताकद येते. आता इथं सुरतेत गेटवर उभं राहवत न्हाई, रोज संध्याकाळी ताप. डॉक्टरची वाट बघत बसून भावानंच मला शेळीपाशी ढकललं.

७ मार्च
दवाखाना. डॉक्टरीणबाई मराठीच निघाल्या. म्हणाल्या, शेळीचा जंतू आहे. हाताच्या चिरांतून, कच्च्या दुधातून शिरतो. मी म्हटलं, बाई, मी वॉचमन हाय, माझ्या गेटातून मांजर आत जात न्हाई. त्या हसल्या. म्हणाल्या, इथं तुमच्या रक्तातली राखण करणारी पेशीच त्याला गिळते, अन् तो आत मरायचं सोडून संसार थाटतो. लई अपमान वाटला. स्वतःच्या रक्तानं गद्दारी करावी? गोळ्या दीड महिना.
निश्चय : एकही चुकवायची न्हाई.

९ मार्च
गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी लाल. रोग निघतोय.

१९ मार्च
ताप गेला. जंतू हरले. आता गोळ्या कावून खायच्या? आईचा फोन : संध्याकाळी थंडी वाजते, कंबर धरते, दवाखान्यात जाऊ का? म्हटलं, काय गरज? उरलेली पाकिटं बीडच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिली. एका खर्चात दोघं बरे. उत्तरेश्वरला सुचलं असतं का?

२६ एप्रिल
पुन्हा ताप. गुडघा सुजला. बाईंनी विचारलं, गोळ्या संपवल्या? म्हटलं, संपल्या. मग आईचं सांगितलं. त्यांनी पेन ठेवलं. म्हणाल्या, ताप गेला तरी जंतू पेशीत दडून होता. अर्ध्या गोळ्यांनी तुमचाही गेला नाही, आईचाही नाही.
हे आधी नीट सांगायचं ना! सांगितलं होतं म्हणे.

२७ एप्रिल
उत्तरेश्वरला फोन केला. म्हटलं, आईला ताबडतोब बीडला ने. म्हणाला, परवाच ॲडमिट केलंय. उठता येईना तिला. मला कावून सांगितलं न्हाई, म्हणून ओरडलो. तो म्हणाला, आईच म्हणली, सांगू नको. पोरानं एवढ्या मायेनं गोळ्या धाडल्या, त्याला वाईट वाटंल.
पाठवले : साडेतीन हजार.