उपाशी शेंडा

३ मार्च

निवृत्तीला चार महिने उरले. प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना प्रबंधाची वही हाती लागली. मी आणि टिटवी — अखंड बडबडीवरून पडलेलं नाव! — एकाच टेबलावर बसायचो. दोघींत सूक्ष्मदर्शक एक, पांढरा कोट एक. तो तिला आखूड व्हायचा, मला ढगळ. काय दिवस होते.

४ मार्च

वहीतलं वाक्य: 'नत्र तोडल्यास सातव्या दिवशी शेंड्यातल्या मूळपेशी मरतात.' म्हणजे ज्यांतून प्रत्येक नवं पान फुटतं, त्या मूठभर पेशी. याच वाक्यावर मला पदवी मिळाली, मग नोकरी.

टिटवीला ते कधीच पटलं नाही. "मेल्या नाहीत गं, दम धरून बसल्यात. नत्र परत दे आणि थांब थोडी." मार्गदर्शक सरांना घाई, मलाही. मी रोपांच्या काचेच्या ताटल्या फेकून दिल्या. कडाक्याचं भांडण झालं. वर्षभरात ती संशोधन सोडून शाळेत शिकवायला लागली. पुढे एकमेकींना लग्नपत्रिका तेवढ्या गेल्या.

५ मार्च

चाळीस बिया पेरल्या. कुणाला सांगितलं नाही.

१६ मार्च

रोपांचं नत्र तोडलं.

२३ मार्च

सातवा दिवस. शेंडे आकसलेत, वाढ ठप्प. हुबेहूब वहीतल्यासारखं. तेव्हा मी इथेच थांबले होते. आज नत्र परत दिलं.

२५ मार्च

काही नाही. टिटवी असती तर एव्हाना डोकं खाल्लं असतं माझं.

२८ मार्च

चाळीसपैकी एकतीस शेंड्यांवर नव्या पानांचे इवले उंचवटे!

तीनदा मोजले. मग स्टुलावर बसूनच राहिले. आनंद झाला, आणि लाजही वाटली. इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं. तेव्हा माझा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला कळवायलाच हवं. पण आधी तिला.

२९ मार्च

फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. टिटवी म्हणाली, "मला माहीत आहे. मी एक ताटली ठेवून तिला नत्र परत दिलं होतं. तू प्रबंध दिलास त्याच आठवड्यात तिच्यात पान आलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुझे वडील नुकतेच गेले होते. घर तुझ्यावर होतं. तुला ती नोकरी हवी होती गं."