शेरवानीची वरची गुंडी

अंबड, मंगळवार संध्याकाळ.

आज किसन शिंप्याच्या दुकानात गेल्तो. शाळेतला माझा सोबती. उघड्या अंगानं मशीन चालवत गाणं म्हणून राह्यला होता. दुकान बंद करायला त्याला कुणाची इजाजत लागत न्हाई. मी दिवसभर तहसीलदारासमोर शेरवानीची वरची गुंडी लावून सरकारी कागदांच्या नकला उतरवतो. मान मला, पगार मला, मंग त्याचं गाणं मला का टोचावं? जळलो, खरंच जळलो.

"शेरवानीचा गळा ढिला करून दे, गुदमरतो," मी चिडूनच म्हणालो.

त्यानं गळ्यात बोट घालून पाहिलं. "गळा बराबर हाय. कचेरी सुटून दोन घंटे झाले, गुंडी काढली का तू?"

घरी येऊन हे लिहून राह्यलो, आणि गुंडी अजून लावलेलीच आहे.