तुम्ही जाळलेली जर्सी

मायामी, रविवार

प्रिय डॅडी,

लव्हेलचं प्रेम, अजून चालत असेल तर घ्या.

इथं मी मजेत आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. इथल्या बास्केटबॉल टीममधले दोन्ही बडे स्टार मला भावासारखं वागवतात आणि यंदाची ट्रॉफी आमचीच, असं सगळे धरून चाललेत. शुगरच्या गोळ्या घेता ना? डोळ्यांचं ऑपरेशन अजून पुढंच ढकलताय का?

तुम्हाला टीव्हीवर पाहिलं. स्टार खेळाडू टीम सोडून गेला की आपल्या क्लीव्हलंडचे लोक त्याची जर्सी जाळतात, हे मला ठाऊक होतं. पण लायटर तुमच्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. “ज्यांना हरवायचं, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला,” असं तुम्ही म्हणालात आणि अख्खी गल्ली हसली. खरंच आहे. इतकी वर्षं एकट्यानं हरून मला भूक लागली होती.

ती क्लिप मी थांबवून थांबवून पाहिली. जर्सी लाल होती, नंबरही चौदाच होता, पण ती क्लीव्हलंडच्या टीमची नव्हती. माझी शाळेतली होती. ममानं पांढऱ्या दोऱ्यानं नंबर हातानं शिवला होता, ती. ममा गेल्यावर तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

तुम्हाला दिसलं नसणार. तिथं कुणी सांगणारही नाही, म्हणून मी सांगतोय.

टीमची जर्सी अजून कपाटातच असेल. नंबरावरून हात फिरवून बघा. तो छापलेला आहे, बोटांना टाके लागणार नाहीत.

तब्येतीला जपा.

तुमचाच,
लव्हेल