सव्विसावी फेरी

२२ जानेवारी २०२५, बुधवार

देवराम गेला. काल दुपारी. कावीळ साधीच आहे म्हणत होता, आणि दोन आठवड्यांत आटोपलं सगळं.

पेठच्या पुढे त्याच्या पाड्यावर जाऊन आलो. माणसं किती! घोटीहून, निफाडहून पोरं आली होती. सगळी त्याने पळायला शिकवलेली. कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत, एक तर फौजेतून सुट्टी काढून आलेला. आडदांड बाप्ये हमसून हमसून रडत होते. मी रडलो नाही. कोणत्या तोंडाने रडणार?

त्याची बायको, भागीबाई, मला बघून पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, शेवटपर्यंत दाराकडंच बघत होते. चंदर आला का, चंदर आला का." मी शुक्रवारी रजा टाकणार होतो. शुक्रवार!

ऑफिसात मी बोराडे साहेब, पोरांचा बोराडे काका. चंदर म्हणणारा तेवढा एकच होता, तोही पोरांसमोर कधी नाही.

२३ जानेवारी

दोन फायली चुकीच्या टेबलावर पाठवल्या. शिपायाने हसून परत आणून दिल्या. त्याच्यावरच खेकसलो.

२५ जानेवारी, शनिवार

मोहिनीचा फोन. देवरामची सगळ्यात जुनी शिष्या, आता तीच पोरं सांभाळते. शुक्रवारी संध्याकाळी शोकसभा, आणि दोन तारखेला रविवारी मैदानावर सगळे मिळून पंचवीस फेऱ्या पळणार. सरांची शर्यत. "काका, मोजायला तुम्ही बसायचं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, माझे डोळे, माझी पाठ... एकही सबब चालू दिली नाही. म्हणे सरांनीच कधीतरी सांगून ठेवलं होतं, मोजायला काकांना बोलवा.

देवरामही हेच म्हणायचा. दर वेळी. "येऊन बस ना रे जरा मोजायला." पोरांचे फॉर्म भरायला मी, बूट मिळवायला मी, नाशिक रोडला गाडीत बसवून द्यायला मी. मैदानावर मात्र कधी पाय ठेवला नाही. एकोणतीस वर्षं! त्याने कारण कधी विचारलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. घरी येऊन पडून राहिलो. ही म्हणाली, मित्राचं दुःख असं आतल्या आत ठेवू नका, बोला. काय बोलू?

२७ जानेवारी, सोमवार

कागदाला तरी सांगतो.

१९९६. आम्ही दोघं एकाच मास्तरांकडे पळायचो. मी आपला बरा, देवराम फार पुढचा. दहा हजार मीटरची निवड चाचणी होती. मैदानाला पंचवीस फेऱ्या, पहिले दोघे राज्याच्या स्पर्धेला. माझा घोटा मुरगळलेला, म्हणून मला देवरामच्या फेऱ्या मोजायला बसवलं. प्रत्येक पळणाऱ्यामागे एक मोजणारा असतो. आपला गडी समोरून गेला की कार्डावर एक रेघ मारायची. एवढंच काम.

वर्ल्डकप चालू होता. मागे एक जण कानाला रेडिओ लावून उभा. मी वळून त्याला स्कोअर विचारला. तोच मला म्हणाला, "अहो, तुमचा गेला की आत्ता!" तीस जण पळत होते, हा एवढा धुरळा. मला वाटलं, याने दुसराच कोणी पाहिला. शंका आली तर हात वर करून पंचांना बोलवायचं, हा नियम. मी हात वर केला नाही. कशाला बोलणी खा!

देवरामने पंचविसावी फेरी जीव ओतून संपवली. सगळ्यांच्या पुढे होता. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. माझ्या कार्डावर चोवीस रेघा. ओरडलो मीच—"अजून एक आहे रे, पळ!"

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि पळाला. पाय उचलत नव्हते तरी पळाला. तेवढ्यात मागच्या दोघांनी आपापल्या पंचवीस पुऱ्या केल्या. देवराम तिसरा!

मास्तर पंचांशी भांडले. पंचांनी देवरामला विचारलं, तुझं काय म्हणणं? तोवर मला सगळं कळून चुकलं होतं. रेडिओवाला दहा पावलांवर उभा होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण आधी देवरामच बोलला.

"चंदरने मोजलंय ना? मग एक बाकीच असंल. माझंच चुकलं."

मी कार्डावर सही केली आणि पंचांच्या हातात दिलं.

२८ जानेवारी

रात्री झोप लागली नाही, आणि लिहून हलकंही वाटत नाही. उगाच म्हणतात लोक.

ते दोघे राज्यात पळाले, पुढे नोकरीलाही लागले. देवराम तीन हंगाम निफाडला द्राक्षबागेत मजुरीला गेला. मग कुठे आश्रमशाळेत पोरांना पळवायचं काम मिळालं, तेही मानधनावर. पुन्हा निवड चाचणीला उतरला नाही. विचारलं तर म्हणायचा, आता पोरं पळतील.

आणि मला काय दिलं त्याने? माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपला. दर दिवाळीला नवा तांदूळ, नागलीचं पीठ. माझ्या सायलीच्या लग्नात वाढपी कमी पडले तर स्वतः बादली घेऊन पंगतीत फिरला. लोक म्हणत, बोराडे, नशीबवान आहेस, असा दोस्त मिळाला. मी हो म्हणायचो. जरा चिडूनच म्हणायचो. तो एकदा तरी भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं!

ठरलं. शुक्रवारी सभेत सगळ्यांसमोर सांगायचं.

३१ जानेवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

हॉल गच्च भरला होता. भागीबाई पुढच्या रांगेत, पदर तोंडाला लावून. मी उठलो. चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, पहिलंच वाक्य—"मी देवरामचा अपराधी आहे." चिठ्ठी खिशात राहिली. दहा मिनिटं बोललो. आदर्श प्रशिक्षक, निष्ठावंत मित्र, मातीतला माणूस... वर्तमानपत्रात छापतात ते सगळं. बायका डोळे पुसत होत्या. खाली उतरलो तर एकाने हात हातात घेतला, म्हणाला, साहेब, मनातलं बोललात. मनातलं! थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

मोहिनी बोलली ते मात्र खरं होतं. म्हणाली, सर आम्हाला फेऱ्या मोजू द्यायचे नाहीत. पळणाऱ्याने पळायचं, मोजणारा मोजेल, त्याच्यावर सोडायचं. कोणावर तरी सोडता आलं पाहिजे, असं म्हणायचे.

मी पायातल्या बुटांकडे बघत बसलो.

१ फेब्रुवारी

भागीबाईंना फोन लावला. "भाऊ, जेवलात का?" म्हणाल्या. म्हटलं, हो, जेवलो. ठेवून दिला. भित्रा तो भित्राच!

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला मैदानावर. साठेक जण पळायला. सगळ्यांत पुढे मोहिनी. मी खुर्चीत, मांडीवर कार्ड, हातात पेन्सिल. भागीबाई शेजारी.

एकदाही मान वळवली नाही. मागे कोणी चहा म्हणालं, कोणी नमस्कार म्हणालं, ओ दिली नाही. दर रेघेला मोठ्याने आकडा म्हणत होतो. तेवीस. चोवीस. मोहिनी समोरून गेली, पंचवीस. पुन्हा मोजल्या. पंचवीस! उठून दोन्ही हात वर केले. झालं, थांबा!

कोणी थांबलं नाही. सगळे तसेच पुढे पळत गेले.

पुन्हा चुकलो? आज, या दिवशीसुद्धा? रेघा मोजतोय, बरोबर पंचवीसच. फेरी मारून मोहिनी आली तसा जवळजवळ ओरडलोच तिच्यावर, "अगं, पंचवीस झाल्या होत्या, कार्डावर आहेत!"

"हो काका, बरोबर मोजल्या तुम्ही," धापा टाकत म्हणाली. "ही चंदरची फेरी. सव्विसावी. सर रोज शेवटी पळायला लावायचे. पंचवीस पुऱ्या झाल्या हे आपल्याला पक्कं ठाऊक असलं, तरी दोस्त अजून एक म्हणाला तर पळायचं. ही कार्डावर मांडत नसतात."

"कोण चंदर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"कोणास ठाऊक. सर कधी सांगायचे नाहीत. नुसते हसायचे."

भागीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

मी पेन्सिल खाली ठेवली. पोरांना जवळ बोलावलं.

"मी चंदर," म्हणालो.