कुंडीखालची किल्ली

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या गोड शब्दांत इतका कडू घोट पाजणं तुलाच जमतं. बापावर गेली आहेस.

हो, तुझ्या बाबांना मी तोतयी वाटते. चेहरा माझा, चष्मा माझा, पण बाई दुसरीच, असं त्यांचं ठाम मत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चेहरा त्यांना ओळखू येतो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ते हलत नाही. म्हणून मन म्हणतं, ही ती नव्हे. गोळ्या वेळेवर घेतात. फक्त माझ्या हातून घेत नाहीत, बशीत ठेवाव्या लागतात. आणि माझ्या खुर्चीत मला बसू देत नाहीत. ती तिची जागा आहे म्हणे, ती येईल. माझी बाजू घेऊन जन्मात कुणाशी इतके भांडले नव्हते गं! रागावू की लाजू? मी आपली स्टुलावर बसून जेवते.

गेल्या आठवड्यात मी भाजीला गेले आणि यांनी दाराचं कुलूप बदललं. आयुष्यभर कुलपं-किल्ल्या केलेला माणूस, त्यांचं कुलूप दुसरा कोण उघडणार? जिन्यात पिशव्या घेऊन रडकुंडीला आले. शेवटी तिथूनच फोन लावला, तर आवाज ऐकताच विचारू लागले, कुठे आहेस, किती वाट पाहायची? फोनवर मी मीच असते, हे मला तेव्हा कळलं. मग हळूच म्हणाले, घरात एक बाई शिरते म्हणून कुलूप बदललंय. तुझी किल्ली कुंडीखाली आहे, तिला सांगू नकोस.

किल्ली काढली, आत गेले. मला बघून म्हणाले, चोरलीस. म्हटलं, हो, चोरली. आणि भाजी निवडायला बसले. आता रोज गॅलरीतून फोन करते, त्या बाईच्या हातचं जेवा म्हणून सांगते. बाई वाईट नाही, एवढं कबूल करतात.

तू विचारतेस, ज्यांना तू ओळखूच येत नाहीस त्यांच्यासाठी कशाला झिजतेस? अगं, हुबेहूब माझ्यासारखी बाई समोर असताना जो म्हणतो, ही नको, मला माझीच बायको हवी, त्याला मी तू म्हणतेस त्या संस्थेत धाडू? जिवात जीव आहे तोवर नाही. रविवारी त्यांना न्यायला गाडी आणू नकोस. तू मात्र ये. सोबत किल्ली पाठवतेय. लेकीला हवी असं फोनवर म्हटल्यावर त्यांनीच घासून दिली. तुलाही तोतयी म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस, माझ्या शेजारी स्टूल ओढून बस. तोतयींनाही ते आग्रह करकरून वाढतात.

तुझीच,
अस्सल आई