रोज एक लाल फूल

शनि. ४ ऑक्टो. ८६
पार्सल आलं.
ट्यूलिपचे कांदे, लाल, २५ : ४.९९
अमॅरिलिसचे कांदे, लाल, २ : ७.५०
पोस्टेज : १.९५
एकूण १४.४४ डॉ. 'किरकोळ'मध्ये न टाकता 'देव' सदरात टाकले. हे विचारतील तर विचारोत.

मे महिन्यात मिरजेहून निघताना मीच आईंना विचारलं होतं, तिकडून तुमच्यासाठी काय करू? अर्धांगाच्या झटक्यानं सासूबाईंची जीभ जड झालेली, पण तेवढं स्पष्ट बोलल्या. "गणपतीला रोज एक लाल फूल घाल. घरचं. विकतचं नको. माझा हात उठेपर्यंत." मी हो म्हटलं. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला परत आले तर दारात साल्व्हिया, जिरेनियम, कुंडीत जास्वंद. वाटलं, एवढंच ना. आता ऑक्टोबर.

कॅटलॉगमध्ये लिहिलंय, ट्यूलिपला बारा आठवडे थंडी द्या, मग घरात कुंडीत लावा, फेब्रुवारीत फूल. बेसमेंटमधल्या जुन्या फ्रिजमध्ये जागा केली. उपासाची सफरचंदं वरच्या कप्प्यात, कांद्यांची पिशवी खाली. मेधा म्हणाली, "मॉम, डॅड हे भाजीत घालतील." चिठ्ठी चिकटवली.

शनि. ११ ऑक्टो.
रेडिओवर फ्रॉस्टचं सांगितलं. जास्वंद आणि जिरेनियमच्या सगळ्या कुंड्या आत. कंबर गेली. साल्व्हियावर दोन जुनी सुती पातळं पांघरली. शेजारच्या मिसेस नोवाक कुंपणाशी येऊन बघत होत्या. म्हणाल्या, "आशा, युवर फ्लॉवर्स आर बेटर ड्रेस्ड दॅन मी." हसले. खूप दिवसांनी.

रवि. १२
एक पातळ वाऱ्यानं सरकलं. तेवढा वाफा काळा. बाकीचा आहे अजून. आजचं फूल साल्व्हियाचं.

गुरु. ३० ऑक्टो.
फराळाचं अर्धंच केलं. चकली बिघडली. बागेत आता काही नाही.

कुसुमवहिनींचं पत्र. मोठ्या जाऊबाईंचं अक्षर हल्ली वाकडंतिकडं, घाईत लिहिल्यासारखं. आईंचं सगळं त्याच करतात, उठवणं, न्हाऊ घालणं, सगळं. लिहितात, डॉक्टरांनी उजव्या हाताचा व्यायाम सांगितलाय, आई करायला तयार नसतात, दुखतं म्हणून रडतात. पण रोज सकाळी विचारतात, आशानं फूल घातलं का? वहिनी हो म्हणतात. मग हात पुढे करतात. "हो म्हटल्याशिवाय हात देत नाहीत. तेव्हा तू घालत जा बाई."

पत्र दोनदा वाचलं. देव्हाऱ्यात ठेवलं. मग तिथून काढून कपाटात ठेवलं.

मंगळ. ११ नोव्हें.
जास्वंदीची कळी गळली. परवाही एक. पानांखाली पांढरी माशी. साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसलं. स्वयंपाक उशिरा. ह्यांना ऑफिसात ले-ऑफची कुजबुज, जेवताना बोलत नाहीत. आज बोलले ते एवढंच, "तीन डॉलरला डझन कार्नेशन मिळतात. गणपती काय पावती मागणारे?"
म्हटलं, "आईंनी विकतचं नको सांगितलंय."
"आईला इथला बर्फ कुठे माहीत आहे? तिला वाटतं थंडी म्हणजे महाबळेश्वर."
खरं आहे ते. म्हणून काय.

शुक्र. १४ नोव्हें.
एक सुचलं. जिरेनियमचा गुच्छ म्हणजे लहान लहान फुलंच असतात की. अख्खा गुच्छ कशाला, रोज त्यातलं एकच खुडायचं. एका गुच्छात पंधरवडा निघेल. देवासमोर कंजूषपणा म्हणावा का? पण त्यांनी एक सांगितलं, एक घालते. मोठं सांगितलं नव्हतं.

गुरु. ४ डिसें.
अमॅरिलिस फुलला. दांडा हातभर, त्यावर लाल भोंगे. मेधा म्हणे, "लुक्स लाइक अ फायर अलार्म." देव्हारा म्हणजे पँट्रीचं वरचं फळकूट, त्यात हे फूल मावेना. गणपती त्यामागे दिसेनासा झाला. तरी बरं वाटलं. आठ दिवस निवांत.

शनि. २० डिसें.
मिसेस नोवाकनी पॉइन्सेटिया आणून दिला, नाताळचा. लालभडक. हे म्हणाले, "घे, सुटलीस." मी जवळून पाहिलं. लाल दिसतं ती पानं आहेत. फूल म्हणजे मधे पिवळे बारीक मणी, तेवढंच. पान लाल झालं म्हणून फूल होत नाही.
"तू वकील व्हायला हवी होतीस," हे म्हणाले.
मॅट्रिकनंतर कोणी शिकवलं असतं तर झालेही असते. 

रवि. २८ डिसें.
ट्यूलिपचे कांदे फ्रिजमधून काढून पाच कुंड्यांत लावले. एकही कुजला नव्हता. हात जोडले. अमॅरिलिस संपला. जिरेनियमचे दोन गुच्छ आहेत, तेवढ्यावर जानेवारी काढायचा.

सोम. १९ जाने. ८७
थंडी अशी की दाराची कडी हाताला चिकटते. खिडकीच्या काचेला टेकलेली जिरेनियमची पानं शिजल्यासारखी झाली. कुंड्या टेबलावर आणल्या, मग जेवायला जागा नाही. मेधा उभ्यानं सीरियल खाऊन गेली. "मॉम, देअर्स मोअर डर्ट इन हिअर दॅन आउटसाइड." खरंच आहे, बाहेरची माती बर्फाखाली.
थकले. कुणाला सांगण्यासारखं थकणं नव्हे. पाणी, साबण, उजेड, कुंड्या फिरवणं. लहान मूल घरात असल्यासारखं, आणि ते हसत पण नाही.

सोम. २ फेब्रु.
माघी चतुर्थी. ट्यूलिपची पानं वीतभर आली, कळ्याही दिसत होत्या. महिनाभर ह्याच दिवसाची वाट पाहिली. पण कळ्या फुगेनात. एक दाबून पाहिली. आत कागद. कोरडा, पांढरट कागद. पंचवीसच्या पंचवीस.

मिसेस नोवाकना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून एक कळी नखानं उलगडली.
"व्हेअर डिड यू कीप देम?"
फ्रिजमध्ये म्हटलं.
"विथ व्हॉट?"
सफरचंदं म्हटल्यावर त्यांनी गालाला हात लावला. ओह, हनी. सफरचंद पिकताना त्याच्यातून वायू निघतो, कांद्यातली कळी आतल्या आत मरते, पान तेवढं येतं. त्यांच्या आईनं एकदा असंच केलं होतं, पोलंडमध्ये, तळघरात.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. कोट काढता काढता म्हणाले, "म्हणजे तुझ्या उपासानं फुलं खाल्ली." मग माझं तोंड पाहिलं. चहा त्यांनीच केला.
गणपतीला आज जिरेनियमचं. गुच्छात चार उरली.

शनि. ७ फेब्रु.
आज नाही.
जास्वंदीला कळी नाही, जिरेनियम काल संपलं. आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर नुसती उभी. कुंकू लावलेल्या अक्षता वाहिल्या. मिरजेत आता संध्याकाळ. म्हणजे सकाळीच वहिनी हो म्हणाल्या असणार, आईंनी हात दिला असणार.

सोम. ९
नाही. अक्षता.
हे म्हणाले, "आईला कळतंय कुठे?" ते समजूत घालायलाच म्हणाले. पण मला तेच तर टोचतं.

शुक्र. १३ फेब्रु.
मेधा शाळेतून आली ती सरळ पँट्रीत. बाहेर आली तेव्हा हातात काही नव्हतं. जाऊन पाहिलं, गणपतीपुढे एक लाल कार्नेशन. उद्याच्या त्यांच्या सणासाठी शाळेत मुलं एकमेकांना पाठवतात म्हणे.
"धिस इज नॉट विकतचं, ओके? समवन गेव्ह इट टु मी."
"कोणी?"
"समवन, मॉम."
घरचंही नाही ना ते. पण तिनं दिवसभर हातात घेऊन बसमधून आणलेलं. काढवेना. तसंच ठेवलं. समवन कोण ते नंतर बघू. ह्यांना सांगितलेलं नाही.

मंगळ. १७ फेब्रु.
कुसुमवहिनींचं पत्र, पंधरा दिवसांपूर्वीचं. आईंचा हात छातीपर्यंत येतो. स्वतःच्या हातानं भांडं धरून दोन घोट पाणी प्यायल्या. शेजारीपाजाऱ्यांना आई सांगतात, आशाचं फूल बर्फात उमलतं.
आणि खाली वहिनींनी लिहिलंय, "इथे अंगणात परडीभर जास्वंद रोज मी देवाला घालते, ती आईंच्या हिशेबात नाही. तुझं एक तेवढं आहे. रागानं लिहीत नाही गं. रात्रीची झोप नसते म्हणून लिहिलं जातं. वाचून फाडून टाक."
फाडलं नाही. त्यांना काय लिहू? त्या रोज हो म्हणतात आणि इथे अक्षता. त्यांना खोटं बोलायला मी लावते आहे, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. खरं कळवलं, आणि त्यांच्यानं हो म्हणवेनासं झालं, तर हात तिथेच थांबायचा. छातीपर्यंत आलेला.

शुक्र. २० फेब्रु.
आजही नाही. जास्वंदीला टोकाशी हिरवं काही आहे, पान की कळी ते आठवडाभर कळायचं नाही.

आज लिहून टाकते. आधी इथे, मग एअरोग्रामवर उतरवीन. तिथे खाडाखोड नको.

सौ. कुसुमवहिनींस सा. न. वि. वि.
आईंच्या हाताचं वाचून आनंद झाला. ते यश तुमचं आहे, फुलाचं नव्हे, हे आधी लिहिते.
आता खरं ते सांगते. ७ तारखेपासून इथे घरचं फूल नाही. मधे एक दिवस मेधानं आणलं, तेही बाहेरचं. ट्यूलिप माझ्याच हातानं गेले. इथे एप्रिलशिवाय मातीला हात लावता येत नाही. जास्वंदी जगली आहे, फुलत नाही. मी दमले हे लिहायला लाज वाटते, कारण तुम्ही काय करता ते मला माहीत आहे.
तुमच्या परडीतलं एक फूल माझं नाव घेऊन वेगळं वाहिलंत तर आईंना चालेल का? ते घरचंच आहे, लाल आहे. पण आईंना विचारलं की त्यांना सगळं कळणार. आणि न विचारता केलं तर तुमच्या 'हो'च्या खोट्यात आपण दोघी. म्हणून विचारायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांच्या उशाशी आहात. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन, मागून बोलणार नाही.
तोवर मी रोज समोर उभी राहते, अक्षता घेऊन.
एवढं उलट टपाली कळवा.