तुझी माय खुर्चीवर बसली

सुरत,
ता. १८ फेब्रुवारी १९७३

प्रिय प्रभा,

तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. दोंडाईच्याच्या शाळेत तुला तिसरीचा वर्ग मिळाला हे कळल्यावर मी तुझं पत्र आधी शेजारच्या रंभाबाईला वाचून दाखवलं, मग मागावरच्या पंडितला, मग पाणी भरायला आलेल्या दोघीतिघींना. पोरगी मास्तरीण झाली हे सांगताना माणसाचा आवाज आपोआप चढतो. तुझी माय चुलीपाशी होती. तिनं भाकरी उलटता उलटता सगळं ऐकलं.

आता इकडची खबर. मी आता नगीनशेठच्या मागांच्या शेडमध्ये जात नाही. कडोदऱ्याला एका कारखान्यात माग चालवतो, सायकलनं जातो-येतो. मुकादमकी गेली, पुन्हा कारागीर झालो. पाय दुखतात, पण तू काळजी करू नकोस. हे कसं झालं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण गावाकडे पोचता पोचता गोष्टीचं भलतंच होतं.

वेशीवरच्या आपल्या वस्तीची पंचायत तू गेलीस तेव्हा होती तशीच आहे. नऊ मेंबर, सरपंच नगीनशेठ, आणि सभा त्यांच्याच गोदामाच्या ओट्यावर. तुझी माय बायकांच्या जागेवर मेंबर होऊन तीन वर्षं झाली. खुर्च्या रिकाम्या असायच्या तरी ती दाराजवळ पोत्यावर बसायची. तलाठी गुजरातीत भराभर वाचायचा, शेठ तिच्याकडे बघायचे, मायचा हात वर जायचा. मग तलाठी कागदावर बोट ठेवायचा आणि ती तिथं, तू पाटीवर गिरवून शिकवलेली, सही करायची. मी बाहेर चपलांपाशी उभा असायचो. मराठी शाळेसाठी ठेवलेली जागा शेठच्या गोदामाला गेली, तीही अशीच. त्या दिवाळीत तू तिला काय बोललीस ते मी इथं लिहीत नाही. तू भरल्या ताटावरून उठलीस, एवढंच मला आठवतं.

या जानेवारीत शेठनी वस्तीला लागून कापड रंगवायचा कारखाना काढायचं ठरवलं. त्याला पाणी हवं. म्हणून ठराव आला की वस्तीची विहीर आणि भोवतालची जागा तीस वर्षांसाठी कारखान्याला द्यायची. खाडीकडच्या शेतकरी मेंबरांना हे नको होतं, रंगाचं पाणी त्यांच्या वावरात उतरणार. शेठ धरून त्यांच्याकडे चार, विरोधात चार. नववी तुझी माय. तिला कोणी काही विचारलंच नाही. शेठ मला शेडमध्ये म्हणाले, "सोमवारी तिला वेळेवर आण." मी जेवताना तिला तेवढाच निरोप दिला. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर रंभाबाईनं तिला अडवलं. म्हणाली, "मंगला, तुना हात वर गया ते आम्ही पानी कोठे भरसूत?" रंभाबाई भांडत नव्हती. खरंच विचारत होती. तुझी माय घागर तशीच रिकामी घेऊन घरी आली आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली.

सोमवारी तिनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं. ओट्यावर चढली, पोत्याकडे गेलीच नाही. सरळ जाऊन खुर्चीवर बसली, शेठच्या समोर. सगळे तिच्याकडे बघू लागले. तलाठ्यानं ठराव वाचला. ती म्हणाली, "पुन्हा वाचा, हळू." तलाठ्यानं शेठकडे पाहिलं. शेठ हसले, म्हणाले, वाच. त्यानं पुन्हा वाचला. मग हात वर करायला सांगितलं. चार हात वर गेले. तुझ्या मायचे दोन्ही हात मांडीवर होते. मी दारातून पाहत होतो.

शेठनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चिंधा, तारी बैरीने समजाव." म्हणजे, तुझ्या बायकोला समजाव.

प्रभा, अकरा वर्षं त्या माणसानं हाक मारली की माझी मान आपोआप खाली जायची. तेव्हाही गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात तुझी माय बोलली. आवाज मोठा नव्हता. "त्यासनाकडे नका देखा शेठ, मेंबर मी शे. मना हात वर नही."

तलाठ्यानं विरोधातले हात विचारले तेव्हा तिनं हात वर केला आणि त्यानं मोजून नाव लिहीपर्यंत तसाच धरून ठेवला. चारास पाच. ठराव पडला. शेठ उठून आत गेले. आम्ही घरी चालत आलो, ती पुढे, मी मागे. वस्तीत खबर आमच्या आधीच पोचली होती. बायका दारात येऊन उभ्या होत्या. रंभाबाई तिच्याबरोबर घरापर्यंत चालली.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो तर माझ्या जागी दुसरा मुकादम उभा होता. मला आत घेतलं नाही. परत आलो. तुझी माय विहिरीवर होती, माझ्याकडे पाहून तिला कळलं. तिला वाटलं मी रागावेन. मी तिच्या हातातली घागर घेतली आणि भरून घरी आणली. पुरुष घागर वाहतो म्हणून बायका हसल्या, मला ते हसणं गोड लागलं. आता सभेला तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवतात. खाडीकडचे मेंबर ठराव आधी तिला समजावून सांगतात. नाही समजलं तर ती पुन्हा विचारते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू तिला शेठची बाहुली म्हणालीस तेव्हा मी शेजारी बसून जेवत होतो आणि गप्प राहिलो. तिला मेंबर करा म्हणून तिचं नाव शेठकडे मीच घेऊन गेलो होतो. मला मुकादम करा, माझ्या बायकोचा हात तुम्ही म्हणाल तेव्हा वर जाईल, असा शब्द मी दिला होता. शाळेच्या जागेच्या वेळी ती रडून नको म्हणाली होती. मीच तिला म्हणालो, माझी नोकरी जाईल, सही कर. तुझ्यासमोर तुझ्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून तिनं तुझे सगळे शब्द आपल्या अंगावर घेतले. आजही ती तुला हे सांगणार नाही, आणि मी लिहितोय हे तिला ठाऊक नाही. दीड वर्षात तुझ्या एकाही पत्रात तिच्यासाठी ओळ नाही. ती विचारत नाही, फक्त मी वाचून संपवल्यावर थोडी थांबते. तो राग माझा आहे पोरी, तो मला दे, मी तो घेईन. आणि तिला लिही. तुझी माय कोण आहे हे सगळ्या वस्तीला कळलं, तुलाच कळायचं राहिलं होतं.

तुझाच,
आबा